डिस्लेक्सिया: रंगांचा उपयोग किती आणि प्रमाणपत्र कशासाठी?

तुम्ही रायपूरच्या समता कॉलनीत किंवा आसपास राहता. तुमचे मूल घरी मराठी बोलते आणि शाळेत हिंदी-इंग्रजी शिकते. तोंडी उत्तरे बरोबर देते, पण पुस्तक उघडले की अडखळते, अक्षरांची गल्लत करते. असे असेल तर त्याला आळशी ठरवू नका, त्याला डिस्लेक्सिया असू शकतो. रंगीत चष्म्याने किंवा रंगीत कागदाने ही अडचण जाते असे कोणी सांगितले असेल, तर पैसे भरण्याआधी ही माहिती वाचा.

डिस्लेक्सिया म्हणजे काय?

डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा आजार नाही आणि त्यात बुद्धीही कमी नसते. अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगड पटकन बसत नाही, म्हणून वाचन संथ होते आणि चुका होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातील ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या प्रकारात डिस्लेक्सिया येतो.

रंगाने डिस्लेक्सिया बरा होतो का?

नाही. रंगीत भिंगांनी किंवा पानावर रंगीत कागद ठेवल्याने डिस्लेक्सिया दूर होतो याला पुरेसा शास्त्रीय पुरावा नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदनात हेच सांगितले. मात्र काही मुलांना रंगामुळे पान डोळ्यांना सुखद वाटते आणि अक्षरांतला फरक लक्षात ठेवायला खूण मिळते. तेवढा उपयोग घरी जवळजवळ फुकटात करून घेता येतो.

घरी काय करून पाहाल?

१. पांढऱ्याशुभ्र कागदाऐवजी फिकट पिवळसर कागद वापरा. अक्षरे गडद आणि मोठी असू द्या, ओळींत जास्त अंतर ठेवा.
२. ‘कि’मधली पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, पण तिचा उच्चार नंतर होतो. अक्षर काळ्या आणि वेलांटी निळ्या रंगात लिहून दाखवा.
३. घ-ध, भ-म अशा जोड्यांत जिथे फरक आहे, तेवढाच भाग रंगवा.
४. ‘महानगरपालिका’सारखा लांब शब्द महा, नगर, पालिका असा तोडून एकाआड एक दोन रंगांत लिहा.
५. लाल आणि हिरवा रंग एकमेकांशेजारी वापरू नका. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, त्यांतला फरक दिसत नाही.

रंगीत कागद वापरून पाहायचा असेल तर स्टेशनरीच्या दुकानातला साधा जिलेटिन कागद पुरे. दोन आठवडे रोज पाच मिनिटे वाचून घ्या, एक दिवस कागद ठेवून आणि एक दिवस न ठेवता. उतारे रोज नवे, पण सारख्याच अवघडपणाचे निवडा. चुका वहीत नोंदवा. फरक दिसला नाही तर कागद बाजूला ठेवा.

प्रमाणपत्र कसे मिळवाल?

१. आधी डोळे आणि कान तपासून घ्या.
२. वर्गशिक्षकांशी बोला. ‘प्रशस्त’ ही एनसीईआरटीची तपासणी यादी शाळेत वापरता येते. ती फक्त प्राथमिक तपासणी आहे, निदान नाही.
३. ‘स्वावलंबन’ या यूडीआयडी पोर्टलवर अर्ज करा. जमत नसेल तर जवळच्या चॉइस सेंटरची मदत घ्या. मुलाचा आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा.
४. ठरलेल्या रुग्णालयात तपासणीला जाताना जुन्या वह्या आणि निकालपत्रके न्या.
५. घरची भाषा मराठी आणि शाळेचे माध्यम वेगळे आहे हे तपासणाऱ्यांना आवर्जून सांगा. दोन भाषांच्या सरमिसळीतून होणारी चूक आणि डिस्लेक्सिया या वेगळ्या गोष्टी आहेत.

निदान खात्रीने होण्यासाठी मुलाला काही वर्षे शाळेत वाचन शिकवलेले असावे लागते. म्हणून ही तपासणी सहसा आठव्या वर्षानंतर होते. मदत मात्र त्याआधीच सुरू करा.

त्याचा लाभ काय?

• कायद्याच्या कलम १७ नुसार परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट अशा सवलतींची तरतूद आहे.
• सीबीएसई बोर्डाच्या परीक्षेत तीन तासांच्या पेपरला ६० मिनिटे जादा मिळतात. मूल छत्तीसगड बोर्डात असेल तर त्या बोर्डाचा नियम मुख्याध्यापकांना विचारा.
• दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा राखीव असतात.

महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेतील सवलती १९९६ पासूनच मिळू लागल्या. तिथल्या नातेवाइकांच्या मुलाला मिळालेली सवलत इथे जशीच्या तशी मिळेलच असे नाही, कारण तपशील बोर्डानुसार बदलतो. यूडीआयडी कार्ड मात्र देशभर चालते.

लक्षात ठेवा

• राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना केवळ डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी नाही. त्या नावाने कोणी पैसे मागितल्यास देऊ नका.
• प्रमाणपत्रावर मुदत लिहिली असेल तर ती संपण्याआधी पुन्हा तपासणी करा.
• दहावीचा परीक्षा अर्ज भरायची वेळ येईपर्यंत थांबू नका. प्रमाणपत्र नववीतच हातात असेल तर सवलतीचा अर्ज शाळेमार्फत वेळेवर जातो. रंगीत कागद कधीही आणता येईल, पण अर्जाची तारीख गेली की त्या परीक्षेचा जादा वेळ हातचा जातो.