ज्वालामुखी जागृत कधी म्हणायचा? बॅरन बेट आणि दख्खनचे पठार

ज्वालामुखीच्या उद्रेकाची बातमी आली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो: महाराष्ट्राचे पठार लाव्हाचे बनलेले आहे, मग तिथे पुन्हा उद्रेक होईल का? रायपूरखाली चुनखडक आहे, पण इथून उत्तरेला अमरकंटकच्या पठारावर दख्खनच्या बेसाल्टचे थर आहेत. त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. त्याचे उत्तर शोधताना जागृत ज्वालामुखी ओळखण्याची कसोटी समजून घेऊ.

आज किती ज्वालामुखी सुरू आहेत?

जगात कोणत्याही वेळी साधारण 40 ते 50 ज्वालामुखींची नोंद ‘उद्रेक सुरू’ अशी असते. पण एखाद्या दिवशी प्रत्यक्ष लाव्हा किंवा राख बाहेर टाकणारे सुमारे 20 असतात. असे का? मध्ये तीन महिन्यांचा खंड पडला नाही, तर तो एकच चालू उद्रेक मानला जातो. म्हणून ‘उद्रेक सुरू’ म्हणजे ‘आज आग ओकतो आहे’ असे नेहमीच नसते.

भारतातील जागृत ज्वालामुखी

अंदमान समुद्रातील बॅरन बेट हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी आहे. त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद 1787 ची आहे. पुढे सुमारे दीडशे वर्षे तो शांत राहिला आणि 1991 मध्ये पुन्हा जागा झाला.

23 जानेवारी 2017 रोजी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक ‘सिंधू संकल्प’ या जहाजावरून बेटाजवळच्या समुद्रतळाचे नमुने घेत होते. तेवढ्यात ज्वालामुखीतून राख निघू लागली. जहाज सुमारे एक मैल दूर नेऊन त्यांनी निरीक्षण सुरू ठेवले. एकेक उद्रेक पाच ते दहा मिनिटे चाले. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत होते. सूर्यास्तानंतर मात्र विवरातून उसळणारी लाल लाव्हाची कारंजी दिसली. सप्टेंबर 2025 मध्येही तिथे सौम्य उद्रेक झाले.

इथे शिलारस येतो कुठून? भारतीय भूपट्ट लहानशा बर्मा भूपट्टाखाली सरकतो आहे. खाली जाणाऱ्या खडकांतून पाणी बाहेर पडते आणि वरच्या प्रावरणात शिरते. मीठ टाकल्यावर बर्फ कमी तापमानाला वितळतो, तसा या पाण्यामुळे प्रावरणाचा खडक कमी तापमानाला वितळतो. भूपट्टाचे सरकणे चालूच असल्याने शिलारसाचा पुरवठाही चालू राहतो.

दख्खन का थंडावले?

दख्खनचे प्रचंड उद्रेक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी झाले. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते तेव्हा भारतीय भूपट्ट प्रावरणातून वर येणाऱ्या एका उष्ण स्तंभावरून जात होता. खडक वर येताना त्याच्यावरील दाब कमी झाला आणि तो वितळला. पुढे भूपट्ट उत्तरेकडे सरकत गेला. उष्ण स्तंभ मागे राहिला. तो आज हिंदी महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे असे मानतात. तिथला पितोन द ला फुर्नेझ हा जगातील अत्यंत जागृत ज्वालामुखींपैकी एक आहे. म्हणजे दख्खनखालचा पुरवठा तुटला, पण त्याचा स्रोत विझलेला नाही.

शांतता फसवी असते

म्हणून ‘शेवटचा उद्रेक कधी झाला?’ एवढेच विचारणे पुरेसे नाही. ‘खाली शिलारस तयार होण्याची व्यवस्था अजून आहे का?’ हा प्रश्न महत्त्वाचा. आइसलँडचा रेक्यानेस द्वीपकल्प सुमारे 800 वर्षे शांत होता. मार्च 2021 मध्ये तिथे उद्रेक झाला. इथिओपियातील हायली गुब्बी ज्वालामुखीच्या उद्रेकाची तर गेल्या सुमारे 12 हजार वर्षांत ज्ञात नोंद नव्हती. 23 नोव्हेंबर 2025 रोजी त्याचा उद्रेक झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या राखेचा ढग भारतावर पोहोचला. विमान कंपन्यांना काही उड्डाणे रद्द करावी लागली.

यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी याचे कारण नीट समजून घ्यावे. राखेत काचेसारखे सिलिकेट कण असतात. ते जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षात वितळतात आणि पुढे टर्बाइनच्या पात्यांवर घट्ट बसतात. 24 जून 1982 रोजी इंडोनेशियातील गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या बोइंग 747 ची चारही इंजिने बंद पडली. विमान राखेबाहेर खाली आल्यावर ती पुन्हा सुरू झाली, आणि ते जकार्ताला सुखरूप उतरले. आज जगातील 9 राख-सूचना केंद्रे विमानांना आधीच सावध करतात.

स्वाध्याय

1. बॅरन बेट आणि दख्खन येथे खडक वितळण्याची कारणे कशी वेगळी आहेत?
2. दीडशे वर्षे शांत असलेल्या ज्वालामुखीला ‘मृत’ म्हणण्यापूर्वी काय तपासाल?
3. राखेमुळे इंजिन बंद पडले, तर विमान ढगाबाहेर आल्यावर ते पुन्हा का सुरू होऊ शकते?