पाय सुजलेलं मांजर आणि फऱ्या ओळखणारे हात

पावसाळा तोंडावर आला की नांदेड-लातूरच्या गोठ्यांमध्ये फऱ्याची धास्ती सुरू होते. सहा महिने ते दोन वर्षं वयाचं, अंगानं चांगलं भरलेलं वासरू अचानक लंगडू लागतं, चारा सोडतं आणि मांडीवर नाहीतर खांद्यावर सूज दिसते. जाणता माणूस ती सूज बोटांनी दाबून पाहतो. आत चरचर वाजलं की त्याला रोगाचं नाव कळलेलं असतं. क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय हा जिवाणू स्नायूंमध्ये वायू तयार करतो. दाबल्यावर तो कातडीखाली सरकतो, त्याचा तो आवाज. जनावराचं वय, ऋतू, सुजेची जागा आणि हाताला काय लागलं, एवढ्यावर निदान होतं. लाल कंधारी आणि देवणी हे दोन नामांकित गोवंश याच दोन जिल्ह्यांतले. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या लोकांच्या हाताला ही विद्या आपोआप येत गेली.

त्याच घरात आठ महिन्यांचं मांजर पाय वर धरून बसलं, तर मात्र हे सगळं शहाणपण कुठे जातं कोण जाणे. ‘कुठून तरी पडलं असेल’ म्हणून विषय संपतो. सरकारदरबारीही मांजराची गत वेगळी नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गाई-म्हशींसोबत कुत्री, ससे आणि हत्तीसुद्धा मोजले गेले. मांजराला त्यात रकाना नव्हता. उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, नागपूरच्या माफसू विद्यापीठाशी जोडलेलं, आणि मांजर तिथल्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासक्रमात आहे. पण या भागातल्या पशुवैद्याचा बहुतेक दिवस गाय, म्हैस आणि शेळीत जातो, आणि मांजर टेबलावर आलंच तर बऱ्याचदा उशिरा येतं. माझं म्हणणं असं, की फऱ्याला आपण जे प्रश्न विचारतो तेच मांजराच्या सुजेलाही विचारले, तर ‘कारण कळत नाही’ असं वाटणाऱ्या बऱ्याच सुजांचं कारण घरातच हाती लागतं.

पहिला प्रश्न: सूज एका पायाला आहे की जास्त पायांना? एकाच पायाला असेल, मांजर बाहेर हिंडणारं असेल, आणि त्यातही वयात येऊ लागलेला बोका असेल, तर सर्वांत आधी संशय घ्यावा तो दुसऱ्या मांजराच्या दाताचा. मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. ते खोलवर जंतू सोडतात आणि वरचं छिद्र लगेच मिटतं. त्यामुळे भांडणाच्या दिवशी काहीच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी पाय सुजतो, गरम लागतो, ताप चढतो, मांजर खाणं टाकतं. मांजराचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, म्हणजे माणसापेक्षा जास्तच. तेव्हा अंगाला हात लावून ताप ठरवू नये, थर्मामीटर लावावा लागतो.

या जखमेत नेहमी सापडणारा एक जिवाणू म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याशी याची वेगळ्या नावानं जुनी ओळख आहे. म्हशीचा गळा सुजवून तिला दिवसभरात आडवी पाडणारा घटसर्प याच प्रजातीच्या दुसऱ्या वाणामुळे होतो, आणि फऱ्यासोबत त्याचीही लस पावसाळ्याआधी टोचली जाते. निरोगी मांजराच्या तोंडात ही प्रजाती मुक्कामालाच असते. पशुवैद्य सुईनं सुजेतला द्रव ओढून काचपट्टीवर पसरतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पू निघाला की निचरा, जखम धुणं आणि योग्य प्रतिजैविक. बहुतेक मांजरं लवकर सावरतात. स्वस्त आणि दहा-पंधरा मिनिटांत होणारी ही तपासणी आहे, आणि तरीही ती वगळून नुसतं इंजेक्शन मागणारे मालक पुष्कळ असतात, याचं वाईट वाटतं.

आणखी एक कारण केसांत लपलेलं असतं. पायात अडकलेला रबरबँड, दोरा, संक्रांतीनंतर गच्चीवर पडून राहिलेला नायलॉन मांजा. तो कातडीत रुततो, रक्त परतीच्या वाटेवर अडतं आणि खालचा पंजा फुगतो. बाहेरून पाहिलं तर दोरा दिसतही नाही. केस भादरल्याशिवाय सुजलेला पाय तपासला असं म्हणू नये. सर्पदंशाच्या खुणाही याच केसांखाली झाकलेल्या असतात. सोयाबीन आणि तुरीच्या शिवारात घोणस आणि फुरसं असतं. उंदरामागे गेलेल्या मांजराला दंश होतो तो मुख्यतः तोंडावर किंवा पुढच्या पायावर. सूज झपाट्यानं वर चढते, जागा काळी-निळी पडते, हिरड्यांतून रक्त येऊ शकतं. अशा वेळी एक साधी चाचणी कामाला येते: ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलं आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी माणसांची प्रतिविष लस पशुवैद्य मांजरालाही देतात.

पाय वाकडा दिसला की क्ष-किरण चित्र काढलं जातं, आणि कोवळ्या वयात इथे एक फसगत होते. वाढत्या हाडांच्या टोकाशी कूर्चेची पट्टी असते आणि चित्रात ती काळ्या रेषेसारखी उमटते. अनुभव नसलेल्या डोळ्याला तो मोड वाटतो. काही हाडांत ही रेषा वर्षभरानंतरही दिसते. म्हणून दुसऱ्या, चांगल्या पायाचं चित्रही सोबत काढावं. उलट, हाडांच्या भिंतीच कागदासारख्या पातळ दिसल्या आणि उडी मारल्याएवढ्या कारणानं हाड मोडलं असेल, तर चौकशी मांजराच्या ताटाची करायची. नुसतं बोनलेस चिकन किंवा मटण खाऊन वाढलेल्या पिलाला कॅल्शियम मिळत नाही, कारण मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम ओढतं. लाडानं भरवलेल्या पिलांमध्ये हे होतं, हे विशेष.

लसीकरणानंतर टोचल्या जागी गाठ आली तर लगेच घाबरू नये, पण विसरूही नये. ती तीन महिन्यांहून अधिक टिकली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा लसीनंतर महिना उलटूनही वाढत राहिली, तर तिचा तुकडा तपासायला पाठवावा. मागचा पाय एकाएकी लुळा पडून गार लागला, मांजर कळवळून ओरडू लागलं आणि जांघेतली नाडी लागेना, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. तिथे तासाचाही उशीर परवडत नाही. सहा ते बारा आठवड्यांचं पिलू ताप येऊन आज या तर उद्या त्या पायानं लंगडतं आणि जिभेवर फोड असतात, तेव्हा कॅलिसी विषाणू आठवावा. जन्मापासून दुखत नसलेली, दाबलं की खळगा पडणारी सूज लसिकावाहिन्यांच्या दोषाची असू शकते, ती विरळा.

आता चारही पंजे आणि सोबत तोंड सुजलं असेल तर. इथे निदान प्रयोगशाळेच्या आधी घरातल्या माणसांच्या बोलण्यात सापडतं. मांजराला बरं नव्हतं, किंवा ते लंगडत होतं, म्हणून कुणीतरी मायेपोटी पॅरासिटामॉलचा तुकडा दुधातून दिलेला असतो. माणसाचं यकृत ज्या विकराच्या बळावर हे औषध निरुपद्रवी करून बाहेर टाकतं, त्याचं जनुक मार्जारकुळात निकामी झालेलं आहे. त्यातून मांजराच्या हिमोग्लोबिनच्या रेणूवर विषाला बळी पडणाऱ्या जागा आठ. कुत्र्यात चार, माणसात दोन. काही तासांत रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, धाप लागते, मग चेहरा आणि पंजे सुजतात. किलोमागे दहा मिलिग्रॅमनंही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. तीन किलोच्या मांजराला ५०० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे किलोमागे १६० मिलिग्रॅमहून जास्त. दुखण्यावर चोळायचे बाम आणि हळद-चुन्याचा लेपही असेच पोटात जातात, कारण मांजर अंगावरचं सगळं चाटून काढतं; बाममधलं सॅलिसिलेट त्याला विषारी आणि चुना तोंड भाजणारा.

यावरचा उतारा एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन. माणसांतला घट्ट कफ पातळ करायला हेच औषध वापरतात, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी औषधाच्या दुकानांत ते मिळू शकतं. मात्रा पशुवैद्यानं ठरवायची आणि पहिले काही तास मोलाचे. पण गोळी दिली होती हे कुणी सांगितलंच नाही, तर तोच पशुवैद्य साप, ॲलर्जी, हृदयविकार असं एकेक तपासत बसतो. अनेक घरांत लाजेपोटी किंवा ओरडा बसेल या भीतीनं हे लपवलं जातं. सून सासूला सांगत नाही, मुलं आईला सांगत नाहीत. विचारणाऱ्यानंही म्हणून दरडावून विचारू नये. आणि दवाखान्यात निघताना त्या गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकावं: किती गोळ्या कमी झाल्या, प्रत्येक किती मिलिग्रॅमची होती आणि ती किती वाजता दिली, एवढं सांगितलं की उपचार लगेच सुरू करता येतात.