मोरीचं पाणी, भाजीचे देठ आणि बीडची परसबाग

बीड जिल्ह्यात परसबागेचा विषय काढला की समोरून एकच प्रश्न येतो, ‘प्यायलाच पाणी नाही, झाडांना कुठून आणायचं?’ प्रश्न रास्त आहे. इथं वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. लातूरची तहान भागवणारं मांजरा धरण बीडच्याच केज तालुक्यातल्या धनेगावला आहे आणि तेच कोरडं पडलं होतं. धरणं आटतात तिथं वाल-दोडक्याच्या वेलांचे लाड कोण करणार, असं कुणालाही वाटेल.

पण घरापुरत्या भाजीसाठी वेगळं पाणी शोधावं लागत नाही. ते रोज आपल्याच मोरीतून वाहून जातं. खत भाजी निवडल्यावर कॅरीबॅगमध्ये बांधून घंटागाडीत जातं. या दोन्ही वाटा परसाकडे वळवल्या की दुष्काळी जिल्ह्यातही भाजी होते आणि कचराही कमी होतो.

मोरीचं पाणी परसात

पाच माणसांच्या घरात प्रत्येकानं एक बादली पाण्यानं अंघोळ केली, तरी दिवसाला पाऊणशे लिटर पाणी गटारीला मिळतं. भर उन्हाळ्यात एक चौरस मीटर वाफ्याला दिवसाला साधारण पाच ते सात लिटर पाणी लागतं. म्हणजे अंघोळीचं निम्मं पाणी जरी वाफ्यापर्यंत पोचलं, तरी पाच-सहा चौरस मीटरची बाग जगते. वाफ्यावर उसाचं पाचट किंवा सोयाबीनचं भुसकट अंथरलं तर पाणी आणखी कमी लागतं, कारण उन्हानं उडून जाणारी ओल जमिनीतच राहते.

कोणतं पाणी कुठं घालायचं, याचं तारतम्य मात्र हवं. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी सगळ्यात चांगलं, ते थेट पालेभाजीला चालतं. अंघोळीचं पाणी केळी, अळू, पपई, शेवग्याला सोडावं. कपड्यांच्या पावडरीत सोडियमचे क्षार असतात. आपल्या काळ्या चिकणमातीत ते साठत गेले की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून कपड्यांचं पहिलं फेसाळ पाणी बागेला देऊ नये. खळबळल्यानंतरचं दुसरं-तिसरं पाणी झाडांना चालतं. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात अशा कच्च्या खायच्या भाज्यांना मोरीचं पाणी अजिबात नको.

पाणी साचून राहिलं की डास होतात, हीही खरी अडचण आहे. त्यावरचा उपाय नांदेड जिल्ह्यानं दाखवला. टेंभुर्णी गावानं घरोघरी शोषखड्डे घेतले, सांडपाणी जमिनीत जिरवलं आणि उघडी गटारं बंद केली. परसातल्या शोषखड्ड्याच्या कडेला केळी लावली की जिरणाऱ्या पाण्याचाही उपयोग होतो.

पावसाचं पाणी साठवायचं तर त्याचा हिशोब आणखी सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. पाचशे चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. त्यावर शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर साडेचार हजार लिटर पाणी उतरतं. पन्हाळीखाली टाकी ठेवली, पहिल्या सरीचं धुळकट पाणी बाहेर सोडलं आणि नंतरचं धरलं, तर पावसानं ओढ दिली तरी बागेचे काही आठवडे निभावतात.

पाण्याचा हा विचार या मातीला नवा नाही. बीड शहराजवळची खजाना बावडी सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधली गेली. विहिरीचं पाणी जमिनीखालच्या कालव्यांतून उतारानं शेतापर्यंत नेण्याची योजना तिच्यात आहे. पाणी वाया जाऊ न देता पिकापर्यंत नेणं, हीच त्यामागची बुद्धी.

देठांचं खत

गावाशहरांत घराघरांतून निघणाऱ्या कचऱ्यातला जवळपास निम्मा भाग ओला असतो. तो ढिगात दाबला गेला की हवेवाचून सडतो आणि त्यातून मिथेन वायू निघतो. हाच कचरा घरी, हवा खेळती ठेवून कुजवला तर खत होतं. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करावा, असं केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांतही सांगितलं होतं.

त्यासाठी जुनी बादली किंवा फुटका माठ पुरतो. तळाला आणि बाजूंना भोकं पाडावीत. तळाशी तुराट्या किंवा पऱ्हाटीचे तुकडे टाकावेत, म्हणजे पाणी निथळतं आणि खालून हवा मिळते. त्यावर मूठभर जुनं शेणखत. मग रोजच्या भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा टाकावा आणि प्रत्येक थरावर त्याच्या दुप्पट कोरडा पाला किंवा भुसकट पसरावं. हा कोरडा थर टाळला की वास येतो आणि चिलटं होतात. ओल्यात नत्र असतं, सुक्यात कर्ब, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना दोन्ही लागतात. ओल बरोबर आहे का, हे मुठीत दाबून पाहावं. हाताला ओलावा जाणवला पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. आठवड्यातून एकदा हलवत राहिलं तर दोन-तीन महिन्यांत काळंभोर, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत हाताला लागतं. तेलकट अन्न आणि मांस-मासे मात्र बादलीत टाकू नयेत.

काय लावायचं, कधी लावायचं

गणिताचे शिक्षक श्रीपाद दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब जगू शकतं, अशी मांडणी केली. जमिनीचा आकार मोजण्याआधी, पानांवर पडणारं ऊन किती वापरलं जातं ते पाहा, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. बीडमध्ये उन्हाची वाण नाही. कुडावर, छपरावर, शेवग्यावर वेल चढवले की दोन-तीन चौरस मीटर जागेतही भरपूर पान तयार होतं.

महिला बचतगटांच्या ‘उमेद’ अभियानानं पोषण परसबागेवर भर दिला. त्यात सांगितली जाणारी गोलाकार बाग समजून घेण्यासारखी आहे. मधोमध कचरा आणि सांडपाण्याचा खड्डा असतो आणि भोवती सात वाफे, आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक. मधला ओलावा आणि खत आपसूक भोवतीच्या मुळांना मिळतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्ताची कमतरता आहे. दारातली माठ, राजगिरा आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी हा त्यावरचा हाताशी असलेला आधार आहे.

बीडचं वेळापत्रक मात्र वेगळं आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो घरांतला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ऊसतोडीला जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत घरी उरतात म्हातारी माणसं आणि लेकरं. म्हणून भेंडी, गवार, दोडका, कारली आषाढात लावून दसऱ्यापर्यंत काढून घ्यावीत. त्यानंतर आजीच्या हातानं सांभाळता येईल एवढंच ठेवावं, म्हणजे मेथी-पालकाचा एखादा वाफा, शेवगा, कढीपत्ता, लिंबू. बालाघाटाच्या डोंगरउतारावर वाढणारं सीताफळ तर याच हवामानाचं. शेळ्या त्याच्या पानांना तोंड लावत नाहीत आणि त्याला पाणीही थोडं लागतं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे.

उन्हाळ्यात बाग आटते, तेव्हा वाळवण कामाला येतं. कारल्या-वांग्याच्या काचऱ्या, वाळवलेली गवार आणि मेथी वर्षभर टिकतात. वेलावर पक्व झालेल्या दोडक्याचं, भोपळ्याचं बी राखेत घोळून ठेवलं की पुढच्या वर्षी पाकीट विकत घ्यावं लागत नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियांची अशीच जपणूक केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली.

घराबाहेरचा वाटा

सगळा भार घरावर टाकून चालणार नाही. लोकांनी ओला-सुका वेगळा करून दिला आणि घंटागाडीत तो पुन्हा एकत्र झाला, तर महिनाभरात लोक कंटाळतात. नगरपालिकांनी ओल्या कचऱ्याचं खत करून ते वॉर्डातल्या घरांना परत द्यावं. ग्रामपंचायतींनी शोषखड्डे सांडपाण्यापुरते न पाहता परसबागांशी जोडावेत. लग्नाच्या पंगतीत थर्माकोलच्या ताटांवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे. पळसाच्या पत्रावळीला मागणी आली तर डोंगरकडेच्या बायकांना काम मिळेल आणि जेवणानंतर ती पत्रावळ थेट खतात जाईल. अंबाजोगाई आणि खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रांत घरातल्या बायकांनी हक्कानं जाऊन रोपं, बियाणं, माती याविषयी विचारावं.

सुरुवात मोठी नको. या आठवड्यात मोरीच्या नळीला एक जोड द्या, म्हणजे अंघोळीचं पाणी केळीपर्यंत जाईल. ओट्याखाली भोकं पाडलेली एक बादली ठेवा. दोन्ही महिनाभर नीट चाललं तर तिसरं काम वाफ्याचं. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात प्रत्येक घर एवढं करू शकतं, आणि याला परवानगी कुणाचीच लागत नाही.