अळूतल्या सुया, बाल्कनीतल्या सुया

कुकटपल्लीच्या रैतू बाजारात चामगड्डा ढिगाने मिळतो. चामगड्डा म्हणजे अळकुड्या. तेलुगू घरांत त्यांचा चिंच घालून पुलुसू होतो, मराठी घरांत अळूच्या पानांचं चिंच-गूळ घालून फदफदं. चिंच दोन्हीकडे आहे, कारण धास्ती एकच: घसा खाजू नये. आणि ही खाज जिच्यामुळे सुटते तीच वस्तू बाल्कनीच्या ग्रिलवर चढलेल्या मनी प्लांटमध्येही ठासून भरलेली असते. अळू आणि मनी प्लांट एकाच कुळातले.

ती वस्तू म्हणजे कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया. केसाहून कितीतरी बारीक, दोन्ही टोकांना अणकुचीदार, खास पेशींत जुड्या बांधून ठेवलेल्या. डिफेनबाकियाच्या, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या मोठ्या पानांच्या त्या कुंडीतल्या झाडाच्या, पेशीला ओल लागली की टोकाकडून सुया बाहेर फेकल्या जातात. पान दाताखाली येतं आणि तोंडभर सुया टोचतात.

पण नुसतं टोचणं पुरेसं नसतं. 2014 साली जपानी संशोधकांनी किवी फळातल्या अशाच सुया एरंडाच्या पानांना लावून एरी रेशीमकिड्याच्या अळ्यांना खाऊ घातल्या. नुसत्या सुयांनी अळ्यांचं फारसं बिघडलं नाही. प्रथिनं तोडणारं विकर एकटं दिलं, तरीही नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र अळ्या पटापट मेल्या. सुई भोक पाडते, विकर त्यातून आत शिरतं. पाय नसलेल्या, पळू न शकणाऱ्या जिवाने केवढी ही तजवीज करून ठेवली आहे! अळू नीट शिजवला की खाजरी प्रथिनं निकामी होतात आणि आपण दुसऱ्यांदा वाढून घेतो.

मांजराकडे चूलही नाही आणि चिंचही नाही. मनी प्लांटचं पान चावलं की लाळ गळते, पंजाने तोंड घासणं, ओकणं सुरू होतं. हाल होतात, पण बहुतेकदा जनावर त्यातून सावरतं, कारण पहिल्याच घासाला ते पान सोडून देतं. पीस लिलीचंही असंच.

पुष्पगुच्छातल्या सुगंधी, मोठ्या पाकळ्यांच्या खऱ्या लिलीची गोष्ट फार वेगळी. तिला सुया लागत नाहीत. मांजराने अंगावर सांडलेले पराग चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कुत्र्याचं तीच लिली खाऊन सहसा पोटच बिघडतं. कुत्र्याचा वैरी आहे सायकस: नर्सरीत सागो पाम म्हणून मिळणारं, बुटक्या माडासारखं झाड. त्याच्या बिया यकृत उद्ध्वस्त करतात. आणि आपली औषधी कोरफड? सालीखालचा तिचा पिवळा चीक दोघांनाही जुलाब लावतो.

मग लावायचं काय? तुळस, मोगरा, अरेका पाम खुशाल लावा. माझी पसंती स्पायडर प्लांटला. मांजरांना त्याची लोंबती पानं कुरतडायला भारी आवडतात आणि फार खाल्लं तर थोडं ओकण्यापलीकडे काही होत नाही. मूळचं ते आफ्रिकेचं, पण सफेद मुसळीचं सख्खं भावंड, आणि त्या मुसळीच्या शास्त्रीय नावात चक्क आपली बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिविलियानम.

मांजराने खरी लिली तोंडात धरलेली दिसली, तर लक्षणांची वाट पाहू नका. झाडाची फांदी किंवा फोटो घेऊन त्याच तासाला पशुवैद्याकडे जा. पहिल्या काही तासांत सलाईन सुरू झालं तर मूत्रपिंडं वाचू शकतात.