सुई टोचते कोणाला, लस मिळते कोणाला?

पावसाळ्याच्या तोंडावर चंद्रपूर जिल्ह्यातील एका रुग्णालयाच्या मागच्या ओट्यावर आम्ही काही कार्यकर्ते सफाई कामगारांसोबत बसलो होतो. विषय होता थकलेल्या पगाराचा. बोलता बोलता एका मावशींनी हाताचे बोट पुढे केले. कचऱ्याची पिशवी बांधताना आत राहिलेली सुई टोचली होती. "मग काय केलं?" आम्ही विचारले. "का करतो बापा! पान्यानं धुतलं, चिंधी बांधली, कामाले लागलो." हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "ते सिस्टरलोकायले देते. आमाले कोनी इचारलंच नाई."

पगाराचा प्रश्न तेवढाच महत्त्वाचा आहे. पण त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक बैठकीत लसीचाही प्रश्न विचारू लागलो. रुग्णालयातील झाडलोट, रक्ताळलेल्या चादरी आणि कचऱ्याच्या पिशव्या उचलण्याचे काम आजही कोणत्या वस्त्यांतील माणसे करतात, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. आता त्यात कंत्राटाची भर पडली आहे. काम रुग्णालयाचे, माणूस ठेकेदाराचा, आणि आजार मात्र त्याचा स्वतःचा.

हा आजार नेमका काय आहे?

हिपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणू आहे. तो रक्तातून, असुरक्षित लैंगिक संबंधातून आणि बाधित आईकडून बाळाला होतो. सोबत जेवल्याने, हात मिळवल्याने, एका ग्लासातून पाणी प्यायल्याने होत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण बाधित माणसाची भांडी वेगळी ठेवण्याचे प्रकार आजही घडतात. भांडी वेगळी ठेवण्याचा अर्थ आपल्याला नव्याने शिकवावा लागत नाही.

मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक जण बरे होतात. शंभरात पाचापेक्षा कमी जणांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो. पण तो वर्षानुवर्षे गप्प असतो, आणि कळते तेव्हा यकृत आक्रसलेले असते किंवा कर्करोग झालेला असतो. नवजात बाळाचे गणित उलटे आहे. आईकडून जन्मतः लागण झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वद बाळांत तो कायमचा राहतो. म्हणून तरुण कामगार स्त्रीला टोचलेली सुई तिच्या एकटीपुरती राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख लोक हा विषाणू घेऊन जगत होते.

सुई टोचली की सगळ्यांना एचआयव्हीची धास्ती वाटते. आकडे पाहा. एचआयव्ही बाधिताच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस बीमध्ये लस न घेतलेल्या माणसासाठी ती शंभरात सहा ते तीस. शिवाय हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. सोमवारी फेकलेली सुई शनिवारीही धोक्याची असते.

जंगलपट्टीत हा प्रश्न मोठा का?

आपल्याकडे सुई फक्त दवाखान्यात नसते. गडचिरोलीत मलेरिया तपासायला आशाताई दारोदार जाऊन बोटातून रक्त घेतात. सिकलसेल आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत दोन्हीकडे आहे. त्यासाठी तपासण्या होतात, कितीतरी रुग्णांना वारंवार रक्त चढवावे लागते. जेवढी सुई जास्त, तेवढा टोचण्याचा धोका जास्त.

सुई टोचल्यावर लस न घेतलेल्या माणसाला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, आणि लसीचा पहिला डोस द्यायचा असतो. शक्यतो 24 तासांच्या आत. हे इम्युनोग्लोब्युलिन महाग असते, थंड ठेवावे लागते, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत नाही. आता पर्लकोटा नदीला पूर आला आणि भामरागडचा रस्ता बंद झाला, अशा दिवसाची कल्पना करा. 24 तासांत गडचिरोली गाठायची कशी? आधी लस घेऊन ठेवणे हाच इथला खरा उपाय आहे.

लस घेतली म्हणजे झाले का?

नाही. मोठ्या माणसाला तीन डोस लागतात: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. आम्हाला भेटलेल्या कितीतरी जणांनी "एक घेतला होता कधीतरी" असे सांगितले. एका डोसवर विसंबता येत नाही. मात्र डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिलेला डोस घेऊन पुढे जायचे. इंजेक्शन दंडातच घ्यावे, कमरेत घेतले तर परिणाम कमी होतो. लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या वरच्या आवरणातील एक प्रथिन असते. त्यामुळे लसीने हा आजार होऊच शकत नाही.

तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर नावाची रक्ततपासणी करावी. आकडा 10 किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण तयार झाले. निरोगी लोकांतही शंभरात पाच ते दहा जणांच्या शरीरात लस काम करत नाही. वय, लठ्ठपणा, तंबाखूचे धूम्रपान यांनी हे प्रमाण वाढते. अशा व्यक्तीने पुन्हा तीन डोस घेऊन पुन्हा तपासावे. तरीही आकडा आला नाही, तर आपल्याला संरक्षण नाही हे तिला ठाऊक असले पाहिजे, म्हणजे सुई टोचल्यावर ती वेळ दवडणार नाही.

तपासणी वेळेवर करण्याचे आणखी एक कारण आहे. काही वर्षांनी हा आकडा आपोआप खाली येतो. तेव्हा कमी आकडा पाहून घाबरू नये. एकदा 10 च्या वर गेलेल्या माणसाच्या शरीरात त्या विषाणूची ओळख टिकून राहते. विषाणूला वाढायला आठवडे-महिने लागतात, तेवढ्यात शरीर पुन्हा प्रतिपिंडे बनवते. म्हणून निरोगी माणसाला सहसा बूस्टर लागत नाही. पण तिसऱ्या डोसनंतरचा तो पहिला आकडा कागदावर हवा.

जे वर्षानुवर्षे हे काम करत आहेत त्यांनी लसीसोबत एचबीएसएजी तपासणीही करून घ्यावी. आधीच लागण असेल तर लसीचा उपयोग नाही, पण औषध आहे. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार मोफत आहेत. निदान झाले म्हणून कोणाला कामावरून काढणे अन्याय आहे, तिथे आपण उभे राहिले पाहिजे.

हक्क कागदावर आहे

मुलांच्या लसीकरणात ही लस देशभर आली ती 2011 च्या सुमारास. म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुतेक कामगारांना बालपणी ती मिळालेली नाही. महाग आहे ही सबबही जुनी झाली. 1997 मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली.

जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 स्पष्ट आहेत. रुग्णालय चालवणाऱ्याने सर्व आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही हिपॅटायटिस बी आणि धनुर्वातापासून संरक्षण देणारी लस द्यायची आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा आरोग्य तपासणी, प्रशिक्षण, हातमोजे-बूट हेही त्याच नियमांत आहे. "इतर" या शब्दात आमच्या मावशी येतात, ठेकेदाराचा माणूसही येतो. सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यातच टाकायच्या, पिशवीत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. म्हणजे मावशींच्या पिशवीत सुई होती ही त्यांची चूक नव्हती. झालेले अपघात रुग्णालयाला वार्षिक अहवालात नोंदवावे लागतात. तो अहवाल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो.

आपण काय करू शकतो?

आपल्या वस्तीतील रुग्णालयात, दवाखान्यात, प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांची एक वही करा. नाव, तीन डोसच्या तारखा, टायटरचा आकडा, एवढेच रकाने. वही विश्वासू हातात ठेवा, कोणाचा आजार चव्हाट्यावर येऊ देऊ नका.

तारखा लक्षात ठेवायची सोय आपल्याकडे आहेच. पहिला डोस 14 एप्रिलच्या दिवसांत, दुसरा एक महिन्याने, म्हणजे मे महिन्याच्या मध्यावर, तिसरा 14 ऑक्टोबरच्या सुमारास. बरोबर सहा महिने होतात. टायटरची तपासणी 6 डिसेंबरच्या आसपास. जयंतीच्या वर्गणीतून एका तपासणी शिबिराचा खर्च निघाला तर काही बिघडणार नाही. मात्र रुग्णालयाची जबाबदारी आपण अंगावर घ्यायची नाही. सर्व कामगारांची यादी जोडून लसीसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शासकीय रुग्णालय असेल तर गेल्या वर्षी किती कंत्राटी कामगारांना लस दिली आणि सुई टोचण्याच्या किती घटना नोंदवल्या, हे माहिती अधिकारात विचारा.

आणि सुई टोचलीच तर: जखम दाबून रक्त काढू नका, तोंडात बोट घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, लगेच डॉक्टरांना सांगा, घटनेची लेखी नोंद करायला लावा. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा 72 तासांत सुरू व्हावे लागते.

त्या मावशींना घेऊन आम्ही तपासणीला गेलो. एचबीएसएजी निगेटिव्ह आले, पण सुई टोचल्यानंतरचा काळ लांब असतो, म्हणून काही महिन्यांनी पुन्हा तपासायचे आहे. पहिला डोस त्याच दिवशी मिळाला. दुसऱ्या डोसला त्या एकट्या आल्या नाहीत. सोबत कामावरच्या सहा जणी होत्या.

जय भीम!