शुगर असलेल्या पाहुण्यासाठी वेगळी वाटी नको, खीरच बदलूया

वैशाख पौर्णिमेला आपल्या वस्तीत घरोघरी आणि विहारात खीर शिजते. मंगल परिणय असो, नामकरण असो किंवा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, गोडाशिवाय पंगत उठत नाही. पण त्या पंगतीत बसलेल्या किती जणांना मधुमेह आहे, याचा विचार आपण स्वयंपाकाच्या वेळी क्वचितच करतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे वीस-पंचवीस मोठ्या माणसांच्या पंगतीत सरासरी दोन-तीन जण शुगरवाले असणारच. त्यातल्या काहींना ते स्वतःलाही माहीत नसते.

अशा पाहुण्याशी आपण दोन प्रकारे वागतो. एक म्हणजे आग्रह: "एका दिवसाने काय होतंय आत्याबाई, घ्या अजून एक पळी." दुसरा म्हणजे सगळ्यांदेखत मोठ्याने सांगणे: "मामांना शुगर आहे, त्यांना वाढू नका रे." पहिल्याने तब्येत बिघडते, दुसऱ्याने मन दुखावते. वेगळे ताट, वेगळे भांडे, वेगळी पंगत म्हणजे काय असते, हे आपल्या आजी-आजोबांनी भोगले आहे. निदान आपल्या घरात तरी आजारपणामुळे कोणी पंगतीत वेगळे पडू नये. म्हणून आमचे सांगणे असे आहे की शुगरवाल्यांसाठी वेगळा पदार्थ करत बसू नका. सगळ्यांचीच खीर अशी करा, की ती त्यांनाही थोडी खाता येईल.

खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांच्या औषधांकडे व पथ्याकडे लक्ष देत. तेव्हा या आजारात लपवण्यासारखे किंवा लाजण्यासारखे काहीच नाही. घरच्यांची साथ मात्र लागते.

एका वाटीत नेमके काय जाते?

नेहमीच्या खिरीचा हिशेब मांडू. १ लिटर दूध, १०० ग्रॅम तांदूळ आणि २०० ग्रॅम साखर घेतली, तर मोठ्या आठ वाट्या होतात. प्रत्येक वाटीत साखरच २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट पाच चमचे. तांदळातला स्टार्च आणि दुधातली नैसर्गिक साखर धरली, तर एका वाटीतून सुमारे ४० ग्रॅम कर्बोदके पोटात जातात. मध्यम आकाराच्या अडीच-पावणेतीन चपात्यांमधून तेवढी मिळतात. आणि ही वाटी आपण भात आणि चपाती खाऊन झाल्यावर, वरून देतो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. नुसती साखर काढून भागत नाही. तांदूळ, शेवया, साबुदाणा, रवा हे सगळे पोटात गेल्यावर साखरच होतात. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. म्हणून साखर, धान्य आणि वाटीचा आकार, तिन्ही कमी करायला हवे.

गूळ चालतो का?

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तर नाही असे आहे. गुळात थोडे लोह आणि काही खनिजे असतात, पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो आणि रक्तातली साखर तो तशीच वाढवतो. मध, काकवी आणि खजूर यांचेही तेच. "नैसर्गिक आहे" म्हणून दुप्पट घातले, तर नुकसानही दुप्पट. नाचणी चांगली, तिच्यात तंतू आणि कॅल्शियम जास्त असते. पण बारीक पिठाची गोड खीर केली, की तीही लवकर पचते आणि साखर चढवते.

दुधीची खीर (१२ लहान वाट्या)

ही खीर स्वस्त आहे, भाजीवाल्याकडच्या दुधीत होते आणि चवीला कुठे कमी पडत नाही.

साहित्य: दूध १ लिटर, कोवळा दुधी अर्धा किलो, साखर ४० ग्रॅम (सपाट ८ चहाचे चमचे), तूप १ चमचा, सुक्या खोबऱ्याचा कीस २ मोठे चमचे, वेलची ५-६, जायफळ चिमूटभर.

दुधीचा छोटा तुकडा आधी कच्चा चाखून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि तो दुधी फेकून द्या. कडू दुधी विषारी ठरू शकतो आणि शिजवून तो सुधारत नाही. चांगला निघाला तर साल आणि बिया काढून किसा. तुपावर पाच-सात मिनिटे परता, म्हणजे कच्चा वास जातो. दुसऱ्या भांड्यात दूध उकळून थोडे आटवा. त्यात कीस घालून मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटे शिजू द्या. खोबरे घाला. साखर अगदी शेवटी घाला आणि गॅस बंद केल्यावर वेलची-जायफळ टाका. वेलचीच्या वासाने कमी साखरेची खीरही गोड लागते, म्हणून ती ताजी कुटून घ्या.

यातल्या एका लहान वाटीत (१०० मिली) साखर एका चमच्यापेक्षा कमी जाते आणि एकूण कर्बोदके सुमारे ९ ग्रॅम. आधीच्या वाटीच्या पाव हिश्शाइतकीच.

ज्यांना जास्त गोड हवे, त्यांच्यासाठी साखरेचा डबा बाजूला ठेवा. ज्याला हवी तो आपल्या वाटीत घालून घेईल. कोणाला शुगर आहे आणि कोणाला नाही, हे विचारण्याची वेळच येत नाही.

पौर्णिमेला तांदळाचीच हवी असेल तर

१ लिटर दुधाला १०० ऐवजी ३० ग्रॅम तांदूळ घ्या, म्हणजे साधारण दोन मोठे चमचे. तांदूळ धुवून, निथळून जाडसर भरडा. दूध जास्त आटवा, म्हणजे दाटपणा दुधातून येईल. साखर ६० ग्रॅम पुरे. लहान दहा वाट्या होतात आणि प्रत्येकीत सुमारे १३ ग्रॅम कर्बोदके जातात.

विहारात १०० जणांसाठी दुधीची खीर करायची, तर साडेआठ लिटर दूध, सव्वाचार किलो दुधी आणि सुमारे ३५० ग्रॅम साखर लागते. नेहमीच्या मोठ्या वाटीच्या हिशेबाने साडेबारा लिटर दूध आणि अडीच किलो साखर लागली असती. वर्गणीचे पैसेही वाचतात. उन्हाळ्यात दुधाचा पदार्थ शिजल्यावर दोन तासांच्या आत वाढून संपवा. वाढायला वेळ असेल तर पातेले चांगले गरम ठेवा.

शुगर-फ्री गोळ्या आणि पुड्या

सॅकरीन, अस्पार्टेम, सुक्रॅलोज, स्टीव्हिया यांनी रक्तातली साखर थेट वाढत नाही. वापरायच्या असतील तर बेताने वापरा. अस्पार्टेम उकळत्या खिरीत घातले तर त्याची गोडी जाते, म्हणून ते खीर कोमट झाल्यावर घाला. पुडीवरचे घटक वाचा. काहींत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असते, आणि त्याने साखर वाढते. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे घेऊ नये. लहान मुलांना याची गरज नाही.

दुकानातली "शुगर-फ्री" मिठाई आणि बिस्किटे बघून फसू नका. साखर नसली तरी मैदा आणि तूप असतेच.

वाढताना एवढे लक्षात ठेवा

खीर उपाशीपोटी देऊ नका. आधी उसळ, भाजी, कोशिंबीर पोटात जाऊ द्या आणि गोड शेवटी द्या. याने साखर एकदम उसळत नाही. ज्याला खीर खायची आहे, त्याने भात तेवढा कमी घ्यावा. जेवणानंतर विहाराभोवती किंवा गल्लीत दहा-पंधरा मिनिटे चालून आले तर आणखी चांगले. पाहुणा "नको" म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारू नका. खिरीऐवजी एक मध्यम पेरू किंवा पपईच्या दोन-तीन फोडी देता येतात. फळाचा रस मात्र नको. किडनीचा त्रास असलेल्यांनी दूध आणि फळे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावीत.

चहाही विसरू नका. सणाच्या दिवशी पाहुणा पाच घरी जातो आणि प्रत्येक घरी दोन चमचे साखरेचा चहा पितो. म्हणजे खिरीला हात लावण्याआधीच ५० ग्रॅम साखर पोटात गेलेली असते. चहा बिनसाखरेचा करा आणि साखर वेगळी द्या.

जेवणाला उशीर झाला तर

कार्यक्रमांत आणखी एक धोका असतो. वंदना, मग भाषणे, मग सत्कार, आणि पंगत बसायला दुपारचे तीन वाजतात. ज्याने सकाळी इन्सुलिन किंवा शुगरची गोळी घेतली आहे, त्याची साखर तोवर खूप खाली येऊ शकते. घाम फुटणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, बोलणे असंबद्ध होणे ही लक्षणे आहेत. कधी कधी आजूबाजूचे समजतात की माणूस पिऊन आला आहे, आणि मदत मिळत नाही.

अशा वेळी पथ्य बाजूला ठेवा. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. खीर देऊ नका, दुधातल्या स्निग्धांशामुळे तिची साखर रक्तात उशिरा उतरते. शुगर-फ्रीचा तर काहीच उपयोग नाही. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच साखर द्या. बरे वाटल्यावर जेवायला वाढा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आयोजकांनी इन्सुलिन घेणाऱ्यांना कार्यक्रम थांबायची वाट न पाहता वेळेवर जेवू द्यावे. एवढी सोय प्रत्येक विहारात सहज होऊ शकते.

तपासणी करून घ्या

तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तातल्या साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना विचारा, त्या दिवस आणि जागा सांगतील. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुरू असतील तर सण आहे म्हणून त्या चुकवू नका, आणि गोड खाल्ले म्हणून मनाने दुप्पटही घेऊ नका.

सुजाताने खीर दिली ती उपासाने खंगलेल्या देहाला. त्या देहाला तेव्हा तेच अन्न हवे होते. दान देताना घेणाऱ्याच्या शरीराला काय सोसेल ते पाहावे, एवढे तरी त्या खिरीपासून आपण शिकू शकतो. येत्या पौर्णिमेला पातेले चुलीवर चढवण्याआधी साखर मोजून घ्या आणि वाट्या लहान काढा. मग वाढताना कोणाला वगळावे लागणार नाही.