कार्बोरेटरची जुळणी : ‘स्लो’ आणि ‘पिकअप’

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या भाषा शेजारी शेजारी नांदतात; परंतु दुचाकीचे दुखणे सांगताना ‘स्लो’, ‘रेस’, ‘मिसिंग’, ‘पिकअप’ हे शब्द सर्वांनाच पुरतात. यांतील ‘स्लो’ हे मूळचे विशेषण येथे नाम झाले आहे. मूठ पूर्ण सोडल्यावर इंजिन ज्या किमान गतीने अखंड चालते, ती स्लो; मूठ पिळताच ते जी तत्परता दाखविते, ती पिकअप.

कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. त्यामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल जेटमधून वर ओढले जाते. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. स्लोला पेट्रोल लहान पायलट जेटमधून येते. मूठ पाव ते पाऊण उघडी असता मुख्यत्वे सुई त्याचे नियमन करते. त्यापुढे मेन जेट. म्हणून तक्रार कोणत्या टप्प्यातील आहे, हे प्रथम ठरविणे अगत्याचे होय.

जुळणीपूर्वी एअर फिल्टर व प्लग स्वच्छ असावेत, मुठीच्या वायरला किंचित ढील असावी आणि इंजिन तापलेले असावे. धुरात विषारी कार्बन मोनॉक्साइड असल्याने हे काम उघड्यावरच करावे. मिश्रणाचा स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आवळून सुमारे दीड फेरा सोडावा. गतीच्या स्क्रूने स्लो थोडी चढी ठेवावी. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवीत इंजिन जेथे सर्वाधिक वेगाने व एकसारखे चालेल, ते स्थान शोधावे. नंतर गतीच्या स्क्रूने स्लो उतरवावी. शेवटी मूठ झटकन पिळून पाहावी. इंजिन क्षणभर अडखळले, अथवा मूठ सोडल्यावरही रेस रेंगाळली, तर बहुधा पेट्रोल कमी पडत आहे. आवाज जड, धूर काळा व प्लग काजळलेला असेल, तर ते अधिक होत आहे.

येथे एक फसगत संभवते. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूस असेल, तर तो हवेचे नियमन करतो व आवळल्याने पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिनाच्या बाजूस असेल, तर आवळल्याने ते घटते. ‘आवळणे’ या एकाच क्रियापदाचे परिणाम रचनेनुसार परस्परविरुद्ध होतात. शब्दाचा अर्थ व्यवस्थेतील स्थानावर अवलंबून असतो, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच मिळेल; आणि ही चूक ऐकणाऱ्याला इंजिन तापवून भोगावी लागते.

सोलापूरचा उन्हाळाही विचारात घ्यावा लागतो. १५ अंश सेल्सिअसच्या तुलनेत ४२ अंशांवर हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण त्यामुळे ४ ते ५ टक्क्यांनी वाढते. हिवाळ्यात सुरेख बसलेली स्लो वैशाखात बिघडते, ती यामुळे.

१ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ची मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा इंधन फवारणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली. तेथे मिश्रण संगणक ठरवितो. जुन्या गाड्यांपुरते मात्र ते आजही कारागिराच्या कानावर आणि पाव फेऱ्यावर ठरते. हे कौशल्य बव्हंशी बोलण्यातूनच पुढे जाते. त्याची परिभाषा आज नोंदविली नाही, तर गाड्यांबरोबर तीही मोडीत निघेल.